न्यूट्रॉनांचे दप्तर: सममिती ऊर्जा आणि इतिहासाचा विद्यार्थी

धागा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

अणूचा इतिहास म्हटला की आपल्याकडील धाग्यांची वाट ठरलेली असते. क्युरी दांपत्य, रदरफर्ड, मग हिरोशिमा, मग भाभा आणि अखेरीस पोखरण. माणसे मोठी, प्रसंग नाट्यमय, छायाचित्रे मुबलक. असा धागा हातोहात पसरतो. त्यांतील माहिती चुकीची असते असा माझा आक्षेप नाही. माझी तक्रार एवढीच की अणूच्या या इतिहासात अणूच नसतो. माणसांचे चरित्र आणि राष्ट्रांचे राजकारण यांच्यामध्ये जी खरी झटापट झाली, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूविषयी पुरावा कसा मिळवावा आणि मिळालेल्या पुराव्यावर कुठवर विसंबावे, तिला या धाग्यांत जागा मिळत नाही.

म्हणून आज एका व्यक्तीचा किंवा स्फोटाचा नव्हे, तर एका समीकरणातील एका पदाचा इतिहास सांगते. त्या पदाचे नाव सममिती ऊर्जा. ते अणुकेंद्रकाच्या वस्तुमानाच्या सूत्रात १९३५-३६ च्या सुमारास आले आणि आज, जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही, त्याचा निम्मा अर्थ वादात आहे. वाशिम जिल्ह्यातील आसेगावात बसून हे लिहिण्याचे कारण पुढे येईलच. या वादाचा एक धागा आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यापर्यंत पोहोचला आहे. पण मत आधीच मांडते: सममिती ऊर्जेचा इतिहास हा साधनांच्या मर्यादेचा इतिहास आहे, आणि तो भौतिकशास्त्राच्या वर्गाइतकाच इतिहासलेखनशास्त्राच्या वर्गात शिकवला गेला पाहिजे.

प्रथम वस्तू समजून घेऊ.

अणुकेंद्रकात दोन प्रकारचे कण असतात. विद्युतभार असलेले प्रोटॉन आणि भार नसलेले न्यूट्रॉन. १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि त्याच वर्षी हायझेनबर्ग यांनी मांडले की हे दोन वेगळे कण न मानता एकाच कणाची दोन रूपे मानावीत. अणुकेंद्रकातील बलाच्या दृष्टीने त्यांत फारसा भेद नाही. मग प्रश्न असा की एखाद्या अणुकेंद्रकात दोन्ही रूपांची संख्या समान असली काय आणि विषम असली काय, फरक का पडावा? पण पडतो.

आपल्याकडच्या पायऱ्यांच्या बारवा डोळ्यांसमोर आणा. शेजारी शेजारी दोन कोरड्या बारवा आहेत. एकीत फक्त प्रोटॉनांनी उभे राहायचे, दुसरीत फक्त न्यूट्रॉनांनी. एका पायरीवर दोघांनाच जागा. तळापासून पायऱ्या भरत जायच्या आणि जितके वर उभे राहावे तितकी किंमत जास्त: पहिल्या पायरीला माणशी १, दुसऱ्या पायरीला २, तिसऱ्या पायरीला ३, याप्रमाणे. एकूण वीस जण आहेत. दोन्हीकडे दहा-दहा उभे केले तर प्रत्येक बारवेची किंमत ३०, एकूण ६०. आता एकीकडे बारा आणि दुसरीकडे आठ करा; एकूण ६२. चौदा आणि सहा केले तर ६८. सोळा आणि चार केले तर ७८. म्हणजे दोन्हीकडच्या संख्यांतील फरक ४ असताना जादा किंमत २, फरक ८ असताना ८, फरक १२ असताना १८. फरक दुप्पट झाला की दंड चौपट, तिप्पट झाला की नऊपट. विषमतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा हा दंड म्हणजे सममिती ऊर्जा.

पायरीवर दोघांनाच जागा, हा नियम पाउली यांचा. अर्थात दंडाचे ते एकच कारण नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातील परस्पर ओढ ही दोन न्यूट्रॉनांमधील किंवा दोन प्रोटॉनांमधील ओढीपेक्षा प्रभावी असते. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी टिकते, तिला ड्यूटेरॉन म्हणतात. नुसत्या दोन न्यूट्रॉनांची जोडी टिकत नाही. मिश्र घरोबा बलवान, एकजातीय दुबळा. ही दोन्ही कारणे मिळून दंड ठरतो.

आकडेच पाहायचे तर शिसे घ्यावे. ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन, फरक ४४. त्याचा वर्ग १९३६. त्याला एकूण कणसंख्येने, म्हणजे २०८ ने, भागले की ९.३. सूत्रातील सहगुणक सुमारे २३ धरला तर दंड होतो सुमारे २१४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. शिशाच्या अणुकेंद्रकाला बांधून ठेवणारी एकूण ऊर्जा सुमारे १६३६. म्हणजे दंड आठव्या हिश्शाच्या आसपास. लोखंडात २६ प्रोटॉन व ३० न्यूट्रॉन असल्याने हाच दंड जेमतेम साडेसहा भरतो. मग शिसे इतका दंड भरून जादा न्यूट्रॉन का बाळगते? कारण प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. ८२ प्रोटॉनांची ती भांडाभांडी न्यूट्रॉनांच्या गर्दीवाचून सावरत नाही. एका दंडापासून सुटण्यासाठी दुसरा दंड भरणे, इतकाच त्याचा अर्थ.

हे सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या दोघांकडे आता वळू. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हा परिच्छेद सहसा नसतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात हे सूत्र नसते.

कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकर यांनी अणुकेंद्रकांच्या वस्तुमानाविषयीचा निबंध १९३५ साली प्रसिद्ध केला तेव्हा त्यांचे वय २३ होते. हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांच्या आसपासचे. अणुकेंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब ही गॅमो यांची कल्पना त्यांनी घेतली आणि थेंबाच्या हिशेबात विषमतेचा दंड बसवला. पुढच्याच वर्षी हान्स बेटे आणि रॉबर्ट बेकर यांनी अमेरिकेत हा हिशेब सुटसुटीत केला, आणि दंडाला आपण वर पाहिलेले वर्गाचे साधे रूप मिळाले. तेव्हापासून सूत्राचे नाव बेटे-वाइत्सेकर.

नावातील त्या छोट्या आडव्या रेघेच्या दोन बाजूंना काय आहे ते पाहा. बेटे यांची आई ज्यू कुटुंबातील. म्हणून १९३३ साली ट्युबिंगेन विद्यापीठातील त्यांची जागा गेली आणि ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत कॉर्नेलला पोहोचले. वाइत्सेकर जर्मनीतच राहिले. त्यांचे वडील १९३८ पासून नाझी राजवटीच्या परराष्ट्र खात्यात सचिव होते. युद्ध पेटल्यावर वाइत्सेकर जर्मन युरेनियम प्रकल्पात काम करू लागले. बेटे लॉस अलामोस येथे सैद्धांतिक विभागाचे प्रमुख झाले. हिरोशिमाची बातमी आली तेव्हा वाइत्सेकर इंग्लंडमधील फार्म हॉल या वाड्यात इतर जर्मन शास्त्रज्ञांसह नजरकैदेत होते आणि त्या वाड्यातील संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित होत होती. पुढे १९५७ साली पश्चिम जर्मन सैन्याला अण्वस्त्रे देण्याच्या विरोधात अठरा शास्त्रज्ञांनी पत्रक काढले, त्यात वाइत्सेकर अग्रभागी होते. बेटे यांनी अणुचाचण्यांवरील बंदीसाठी उर्वरित आयुष्याचा मोठा भाग वेचला. २००५ मध्ये बेटे गेले, २००७ मध्ये वाइत्सेकर. सूत्र दोघांचे होते. ते दोन्ही छावण्यांत तितकेच खरे ठरत होते.

इथे एक मोह होतो: विज्ञान निष्पाप, माणसे दोषी, असा सोपा निवाडा देऊन मोकळे होण्याचा. मला तो पटत नाही. युरेनियमच्या भंगातून सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात हे १९३८ च्या अखेरीस माइटनर आणि फ्रिश यांनी पडताळले ते याच थेंबाच्या कल्पनेच्या आधारे. सूत्राला छावणी नव्हती हे खरे. पण ते कुणाच्या हाती काय देणार याला मर्यादाही नव्हती. असो. हा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे.

आता गाभ्याकडे.

१९५० च्या दशकात हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्ड येथे अणुकेंद्रकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांचे आकारमान मोजले. इलेक्ट्रॉनाला भार दिसतो. म्हणून प्रोटॉन कुठे आहेत, किती दूरवर पसरले आहेत, हे त्याला नेमके सांगता येते. शिशाच्या अणुकेंद्रकातील भाराची त्रिज्या ५.५० फेमटोमीटर, आणि हे मापन दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत पक्के. पण न्यूट्रॉनाला भार नाही. इलेक्ट्रॉन त्याच्या शेजारून निघून जातो आणि फारशी नोंद मागे ठेवत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती ओळखीची वाटली पाहिजे. ज्याच्याकडे वतन होते, ज्याने सारा भरला, ज्याच्यावर दावा झाला, तो मोडी दप्तरात सापडतो. ज्याच्याकडे यांपैकी काही नव्हते तो गावात राहिला, राबला, मेला आणि दप्तराबाहेरच राहिला. प्रोटॉन म्हणजे दप्तरात नाव असलेला रहिवासी; न्यूट्रॉन म्हणजे दप्तराबाहेरचा. आणि शिशात दप्तराबाहेरच्यांची संख्याच जास्त आहे: २०८ पैकी १२६.

न्यूट्रॉन नेमके कुठे राहतात याला इतके महत्त्व कशासाठी? सममिती ऊर्जा सर्वत्र सारखी नसते. ती घनतेप्रमाणे बदलते. नेहमीच्या अणुकेंद्रकाच्या घनतेला तिचे मूल्य कणामागे ३२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे, यावर बरेच एकमत आहे. (वरच्या सूत्रातील २३ हा आकडा कमी दिसतो कारण त्यात अणुकेंद्रकाच्या विरळ काठाचाही परिणाम मिसळलेला असतो.) वाद आहे तो उताराविषयी: घनता वाढवली तर हा दंड किती झपाट्याने वाढतो? उतार तीव्र असेल तर दाट मध्यभागी जादा न्यूट्रॉन ठेवणे महाग पडते, ते विरळ काठाकडे ढकलले जातात, आणि अणुकेंद्रकाभोवती निव्वळ न्यूट्रॉनांची जाडसर साल तयार होते. उतार सौम्य असेल तर साल पातळ. साल मोजली की उतार कळतो.

तोच उतार न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातील दाब ठरवतो. महाकाय ताऱ्याच्या अंतानंतर उरणारा हा गोळा सूर्याहून थोडा अधिक वस्तुमानाचा आणि जेमतेम एखाद्या शहराएवढा असतो. उतार तीव्र तर दाब जास्त, दाब जास्त तर तारा फुगीर. शिशाची साल आणि ताऱ्याची त्रिज्या यांचा हा संबंध २००० आणि २००१ साली ब्राउन, तसेच हॉरोविट्झ आणि पिएकारेविच यांनी स्पष्ट केला. एका बाजूला फेमटोमीटरचा अंश, दुसऱ्या बाजूला बारा-तेरा किलोमीटर. मध्ये एकोणीस शून्यांचे अंतर, आणि दोन्हीकडे एकच राशी. (याच उतारावर ताऱ्यात किती प्रोटॉन शिल्लक राहतात हेही अवलंबून असते, आणि प्रोटॉन पुरेसे असले तर तारा न्यूट्रिनो बाहेर टाकत झपाट्याने थंड होतो. त्या प्रक्रियेचे नाव अर्का. रिओ दि जानेरो येथील एका जुगारघरावरून गॅमो आणि शेनबर्ग यांनी ते ठेवले, कारण तिथे पैसा असाच निमूटपणे नाहीसा होत असे.)

मापन अवघड होते म्हणून दरम्यान सैद्धांतिक मॉडेलांनी ती जागा भरून काढली. यांची मुख्यतः दोन घराणी. एक ब्रिटिश शास्त्रज्ञ स्कर्म यांच्या बलावर उभारलेले. दुसरे सापेक्षतावादी माध्य क्षेत्राचे. या दुसऱ्या घराण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे: मुंबईच्या आयआयटीतील योगेंद्रकुमार गंभीर यांनी जर्मनीतील रिंग आणि थिमेट यांच्यासह १९९० साली मर्यादित आकाराच्या अणुकेंद्रकांसाठी या सिद्धांताची जी मांडणी प्रसिद्ध केली, ती जगभरच्या अभ्यासकांनी वापरली. ‘आपल्याकडे फक्त अणुभट्ट्या झाल्या, सिद्धांत बाहेरून आला’ असे ज्यांना वाटते त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. तुर्भ्याच्या अप्सरा भट्टीचा दिवस, ४ ऑगस्ट १९५६, आपल्याला पाठ असतो. पवईच्या या कामाचा उल्लेख मी आजवर एकाही मराठी धाग्यात वाचलेला नाही.

आता दोन्ही घराण्यांतील एकेक नामांकित मॉडेल घेऊ. माध्य क्षेत्र घराण्यातील एनएल-३ (१९९७) आणि स्कर्म घराण्यातील एसएलवाय-४ (१९९८). ज्ञात अणुकेंद्रकांची वस्तुमाने दोघेही उत्तम सांगतात. भाराच्या त्रिज्या दोघेही उत्तम सांगतात. आणि उतार? एनएल-३ म्हणते सुमारे ११८, एसएलवाय-४ म्हणते सुमारे ४६. शिशाची साल एकाच्या मते ०.२८ फेमटोमीटर, दुसऱ्याच्या मते ०.१६. जिथवर दप्तर आहे तिथवर गळ्यात गळे. दप्तर संपले की दोन वाटा.

हा माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाचा क्षण आहे. मॉडेले चुकीची होती असे नव्हे. ती ज्या पुराव्यावर बेतली होती, त्या पुराव्याशी जुळली; त्यात आश्चर्य ते काय? वि. का. राजवाडे १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करू लागले तेव्हा बखरींविषयी त्यांची तक्रार याच जातीची होती. चार बखरी एकच प्रसंग सारखाच सांगतात म्हणून तो खरा ठरत नाही. त्या एकमेकींवरून उतरलेल्या असतील तर साक्षीदार एकच. अणुकेंद्रकांच्या मॉडेलांबाबतही हेच झाले. २०१२ साली डुट्रा आणि सहकाऱ्यांनी स्कर्म घराण्यातील २४० मॉडेले तपासली. अणुकेंद्रकीय द्रव्याविषयीच्या सर्व कसोट्यांना उतरली फक्त १६. दोनशे चोवीस मॉडेले कुठे ना कुठे अडखळली. त्यांच्या संख्येने पुराव्यात भर पडली नव्हती.

आमच्या जिल्ह्यातले उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात मंत्री वराहदेवाचा लेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ येते, पण लेख झिजलेला. केवळ त्याच्या आधारे ही शाखा स्वतंत्रपणे ओळखता आली नव्हती. वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात, राजाच्या ३७ व्या वर्षातला. आणि सर्वसेन या मूळपुरुषाचे नाव निश्चित झाले. त्या प्रकाशात वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाचे वाचन दुरुस्त केले. दगड तोच होता, अक्षरे तीच होती. दुसऱ्या ठिकाणाहून, दुसऱ्या प्रकारचे साधन येईपर्यंत ती नीट वाचता येत नव्हती, इतकेच.

सममिती ऊर्जेचा ‘ताम्रपट’ म्हणावा असे पुरावे गेल्या काही वर्षांत तीन ठिकाणांहून आले, आणि गंमत अशी की ते आपसांत भांडत आहेत.

पहिले दोन अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील जेफरसन प्रयोगशाळेतून. इलेक्ट्रॉनाला न्यूट्रॉनाचा भार दिसत नाही, पण दुर्बल बलाच्या दृष्टीने चित्र उलटे आहे: तिथे न्यूट्रॉन ठळक आणि प्रोटॉन जवळजवळ अदृश्य. हे दुर्बल बल डावे-उजवे असा भेद करते. म्हणून इलेक्ट्रॉनांची गिरकी एकदा डावी आणि एकदा उजवी ठेवून मारा केला, की दोन मोजण्यांतील अतिसूक्ष्म फरकातून न्यूट्रॉनांचा ठाव लागतो. दप्तरात नाव नसलेल्याचा माग काढायला जमाबंदीचे कागद सोडून वेगळ्याच कागदांकडे वळावे, तसे हे. २०२१ साली शिशाची साल मिळाली ०.२८३ फेमटोमीटर, मागे-पुढे ०.०७१. जाड. उतार तीव्र. एनएल-३ च्या चाहत्यांना हायसे वाटले असेल. पण २०२२ साली त्याच प्रयोगशाळेत कॅल्शियम-४८ ची साल मोजली गेली ती ०.१२१. पातळ. उतार सौम्य. दोन्ही मापने एकाच वेळी समाधानकारकपणे सांगणे बहुतेक मॉडेलांना जड जाते.

तिसरा पुरावा आकाशातून आला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या आकाशगंगेतून, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपल्या. इटलीतील व्हर्गोने स्थाननिश्चितीस मदत केली. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक दिसली. आदळण्यापूर्वी ते तारे एकमेकांच्या ओढीने किती ताणले गेले हे लहरींच्या शेवटच्या क्षणांत लिहिलेले होते. फुगीर तारा जास्त ताणला जातो, घट्ट तारा कमी. ताण कमी निघाला, त्रिज्या ११.९ किलोमीटर, मागे-पुढे १.४. म्हणजे आकाशाचा कौल सौम्य उताराकडे, शिशाचा तीव्र उताराकडे, आणि कॅल्शियमचा पुन्हा सौम्य.

त्या घटनेनंतर उरलेल्या रेडिओ प्रकाशाचा पाठपुरावा करणाऱ्या दुर्बिणींत जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय मीटरलहरी दुर्बीण होती. आणि असे क्षीण सूर गोंगाटातून वेचण्यासाठी संभाव्य सुरांचा साठा तयार ठेवून एकेकाशी ताडून पाहण्याची जी पद्धत वापरतात, तिच्यावरचे पायाभूत काम संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली पुण्याच्या आयुकात केले होते. तेव्हा जगात गुरुत्वीय लहर कुणी पाहिलेली नव्हती. ती दिसायला आणखी चोवीस वर्षे लागायची होती.

आता औंढ्याकडे. वाशिमच्या दक्षिणेला लागून हिंगोली जिल्हा. त्यात ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेले औंढा नागनाथ. इथे लायगो-इंडिया उभी राहायची आहे: काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्राची तत्त्वतः मान्यता १७ फेब्रुवारी २०१६ ची. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची. पायाभरणी ११ मे २०२३ ची. जागा निवडताना गावाचे महत्त्व पाहिले जात नाही, जमिनीची शांतता पाहिली जाते. वेधशाळांच्या जाळ्यात भारताची भर पडली की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे अधिक अचूक सांगता येईल, दुर्बिणींना लवकर वळता येईल, आणि अधिक तारे मोजले जातील. उताराच्या या भांडणात निवाडा देणाऱ्यांपैकी एक साधन आमच्या शेजारी असेल.

यावर गावात येणारा प्रश्न मला ठाऊक आहे: याने सोयाबीनचा भाव वाढतो का? नाही वाढत. ‘वैज्ञानिक संशोधनातून पुढे काहीतरी उपयोगी निघतेच’ हे ठरावीक उत्तर मी देणार नाही. ते प्रश्न विचारणाऱ्याला लहान समजणारे आहे. सोयाबीनच्या भावाचा प्रश्न सोयाबीनच्या धोरणाला विचारावा, आणि जोरात विचारावा. पण शेजारच्या जिल्ह्यात जगातील मूठभर यंत्रांपैकी एक येते आणि ते काय मोजणार हे इथल्या मुलांना मराठीत कुणी सांगितलेले नसते, ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला बोचते.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्तुळातून येतो: इतिहासवाल्यांनी इतिहास पाहावा, समीकरणात नाक खुपसू नये. हे म्हणणाऱ्यांना राजवाड्यांचे नाव पुढे करायला आवडते, म्हणून आश्चर्य वाटते. साधनांची चिकित्सा हाच आपला व्यवसाय असेल, तर ‘२४० पैकी १६’ हे आपल्या वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगे उदाहरण आहे. जाड-पातळ सालीचा वाद पाहा. तिथे कुणी कुणाला देशद्रोही ठरवलेले नाही, कुणाच्या पूर्वजांचा अपमान झालेला नाही. प्रत्येक आकड्यासोबत ‘मागे-पुढे इतके’ लिहिलेले आहे. शिवकालीन एखाद्या तारखेच्या वादात आपण कधी ‘मागे-पुढे’ लिहितो का? मी तरी अशी पोस्ट अभावानेच पाहिली आहे.

औंढ्याबाबत आणखी एक चिंता आहे, ती शुद्ध इतिहासाची. लायगो-इंडियाचा इतिहास पुढे कुणी लिहील तेव्हा मंत्रिमंडळाचे निर्णय, संशोधनपत्रिका, दिल्ली-पुण्याचा पत्रव्यवहार, हे सारे सापडेल. ते भार असलेले कागद आहेत. जमिनीचे नकाशे, ग्रामसभांतील चर्चा, मोजणीला आलेल्या माणसांच्या आठवणी, जिल्हा पुरवण्यांतील बातम्या, शाळांत झालेली व्याख्याने, हे कुठे असेल? तुर्भे आणि खोडद उभे राहत असतानाचे गावाकडचे कागद जपले असते, तर आज महाराष्ट्राच्या विज्ञानाचा इतिहास भाषणांवरून लिहावा लागला नसता. हिंगोली, परभणी, वाशिम, नांदेड येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम आत्ताच, यंत्र सुरू होण्याआधी, हाती घ्यावे. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक कपाट, एक नोंदवही आणि एक स्कॅनर पुरतो.

जर्मनीत माइन्त्स येथे मेसा नावाचा नवा त्वरक उभारला जात आहे. शिशाची साल पुन्हा आणि अधिक काटेकोर मोजणे हे त्याच्या नियोजित कामांपैकी एक. तो आकडा येईल तेव्हा त्यावर धागा लिहीनच. तोवर हिंगोली-वाशिमकडील वाचकांपैकी ज्यांच्या घरी औंढ्याच्या प्रकल्पाविषयीची कात्रणे, निमंत्रणपत्रिका किंवा जागेची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. कात्रणाच्या मागे वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती आणि तारीख लिहून ठेवावी. पेन्सिलीने, शाई दुसऱ्या बाजूला फुटते.